ट्रायकोप्लॅक्स: सर्वांत साध्या समुद्री प्राण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रायकोप्लॅक्स हा नक्की कसला प्राणी आहे?

उष्ण समुद्रांच्या उथळ पाण्यात दगडांवर, शिंपल्यांवर, प्रवाळांच्या आसपास सरपटणारा हा एक चपटा, जवळजवळ पारदर्शक जीव आहे. रुंदी साधारण १ ते ३ मिलिमीटर, आणि जाडी मिलिमीटरच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या भागाएवढी. त्याला डोकं, शेपूट, तोंड, पोट यांपैकी काहीच नसतं. डावी-उजवी बाजूही नसते. वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, एवढंच काय ते सांगता येतं. शास्त्रीय नाव ट्रायकोप्लॅक्स अ‍ॅडहेरन्स, संघ प्लॅकोझोआ.

त्याच्याबद्दलचे बहुतेक प्रश्न फिरून एकाच अडचणीपाशी येतात. प्राण्यांचं वर्गीकरण पिढ्यान् पिढ्या शरीररचना पाहून झालं. मग ज्याच्या शरीरात पाहण्यासारखं फारसं काही नाही, त्याला ठेवायचं कुठे?

नुसत्या डोळ्यांनी दिसतो का?

दिसतो, पण कुठे पाहायचं ते माहीत असेल तर. काचेवर चिकटलेला फिकट राखाडी ठिपका, इतपतच. त्याला मत्स्यालयाच्या काचेवरचा डाग समजून पुसून टाकणारे लोक पुष्कळ असतील. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तो डाग हळूहळू आकार बदलत सरकताना दिसतो.

हा तर अमीबासारखा दिसतो. याला प्राणी का म्हणायचं?

दिसण्यापुरतं साम्य खरं आहे, कारण दोघांनाही ठरावीक आकार नाही. पण अमीबा एकपेशीय आहे. ट्रायकोप्लॅक्सच्या अंगात हजारो पेशी असतात, त्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात आणि त्यांनी कामं वाटून घेतलेली असतात. त्याची जनुकं वाचल्यावर तर शंकेला जागाच उरत नाही. बहुपेशीय प्राण्यांमध्ये पेशी जोडण्यासाठी, शरीर घडवण्यासाठी आणि आपसात निरोप पोहोचवण्यासाठी जी जनुकं लागतात, त्यांतली बरीचशी त्याच्याकडे आहेत.

त्याच्या शरीरात काय काय असतं?

पेशींचे दोन पापुद्रे आणि त्यांच्या मधला एक विरळ थर. वरच्या पापुद्र्यातल्या पेशी पातळ आणि पसरट असतात. खालच्या पापुद्र्यातल्या उंच आणि दाटीने उभ्या असतात. दोन्हीकडच्या बहुतेक पेशींना एकेक सूक्ष्म केस असतो, ज्याला पक्ष्माभिका म्हणतात. खालच्या बाजूच्या या केसांच्या हालचालीवरच तो सरकतो. मधल्या थरात फांद्या फुटलेल्या तंतुपेशी असतात आणि त्या दोन्ही पापुद्र्यांना टेकलेल्या असतात.

बराच काळ पुस्तकांतून चारच प्रकारच्या पेशी सांगितल्या जात. २०१४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने बारकाईने पाहिल्यावर ही संख्या सहावर गेली. वरच्या पापुद्र्याच्या पेशी, खालच्या पापुद्र्याच्या पेशी, ग्रंथिपेशी, मेदाच्या मोठ्या थेंबांनी भरलेल्या लिपोफिल पेशी, तंतुपेशी आणि स्फटिक पेशी. पेशीत कोणती जनुकं कार्यरत आहेत त्यावरून मोजलं तर याहून जास्त उपप्रकार निघतात. तरीही माणसाच्या शरीरातल्या शेकडो पेशीप्रकारांच्या तुलनेत ही यादी फारच आखूड आहे.

त्यांतल्या स्फटिक पेशी मला सर्वांत मजेदार वाटतात. त्या कडेजवळ विखुरलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या पोटात अ‍ॅरागोनाइट या खनिजाचा एक कण असतो. कित्येक शिंपलेही याच खनिजाचे बनतात. शरीर कलतं तसा हा कण पेशीत सरकतो आणि खाली कुठे, वर कुठे ते जीवाला कळतं. संतुलनाची जाणीव हे मोठ्या प्राण्यांच्या कानाचं काम. इथे ते एकेकटी पेशी करते.

तोंडच नाही, तर खातो कसा?

अन्नावर जाऊन बसतो. त्याचं मुख्य खाणं म्हणजे पृष्ठभागावर चिकटलेली सूक्ष्म शैवालं आणि जिवाणूंचा पातळ थर. सरपटता सरपटता शैवाल लागलं की तो थबकतो, पक्ष्माभिका थांबतात, कडा जमिनीला चिकटतात आणि शरीराखाली एक बंदिस्त पोकळी तयार होते. लिपोफिल पेशी आपल्यातला पदार्थ त्या पोकळीत सोडतात आणि काही सेकंदांत शैवालाच्या पेशी फुटतात. हा मारा सरसकट होत नाही. ज्या लिपोफिल पेशीच्या अगदी खाली शैवाल असतं तीच पेशी रिकामी होते. मग शरीराचा मधला भाग घुसळल्यासारखा हलत राहतो, पाचक रस आपलं काम करतात आणि तयार झालेला रस खालच्या पेशी शोषून घेतात. जेवण आटोपलं की स्वारी पुढे.

म्हणजे पोट हा त्याच्या शरीराचा कायमचा भाग नसतो. गरज पडली की तो पोट बनवतो आणि काम झालं की मोडतो. वरच्या बाजूनेही खाण्याची एक तऱ्हा नोंदली गेली आहे: पाठीवर पडलेले कण वरच्या पापुद्र्यातून आरपार ओढले जातात आणि मधल्या तंतुपेशी ते गिळतात.

चेतापेशी नाहीत, स्नायू नाहीत. मग थांबायचं कधी हे त्याला कोण सांगतं?

हा प्रश्न संशोधकांना आज सर्वांत जास्त खुणावतो. ट्रायकोप्लॅक्समध्ये चेतापेशी नाहीत आणि चेतापेशींना जोडणारे दुवेही नाहीत. पण चेतापेशी ज्यांचा वापर करतात ती सामग्री बरीचशी आहे. त्याच्या काही ग्रंथिपेशी छोट्या प्रथिनतुकड्यांसारखे रेणू पाण्यात सोडतात. त्यांना पेप्टाइड म्हणतात. शेजारच्या पेशींना ते जाणवतात, मग त्याही तेच रेणू सोडतात आणि निरोप पसरत जातो. शैवाल सापडल्यावर सगळ्या अंगभर पक्ष्माभिका थांबतात त्यामागे असाच एक पेप्टाइड असल्याचं २०१७ मध्ये दाखवलं गेलं. वेगवेगळे पेप्टाइड पाण्यात टाकून पाहिले, तर कशाने तो आखडतो, कशाने गोल गोल फिरतो, कशाने चपटा होतो.

स्नायूंची गोष्टही तशीच. वरच्या पापुद्र्यातल्या पेशी स्वतःच आकुंचन पावतात, आणि तेही सेकंदभरात निम्म्याने. इतक्या चपळाईने आखडणारं आवरण आहे म्हणून हा पातळ जीव स्वतःच्याच ओढाताणीत फाटत नाही, असा एक अंदाज आहे.

तो पहिल्यांदा कुठे सापडला?

समुद्रात नाही! ऑस्ट्रियातल्या ग्राझ या समुद्रापासून दूर असलेल्या शहरात, प्राणिशास्त्र संस्थेतल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात. फ्रान्झ आयल्हार्ड शुल्झ या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाला तो काचेवर दिसला आणि १८८३ मध्ये त्याने त्याचं वर्णन छापलं. अंगभर केस आणि चपटी तबकडी, यावरून ग्रीक शब्द जोडून नाव दिलं. चिकटून राहतो म्हणून अ‍ॅडहेरन्स. शुल्झ स्पंजांचा मोठा अभ्यासक होता. हा जीव आपल्या ओळखीच्या कुठल्याच गटात बसत नाही, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

मग त्याला स्वतंत्र संघ मिळायला १९७१ का उजाडावं लागलं?

कारण मध्येच त्याला स्वतंत्र प्राणी म्हणून गणायचंच बंद झालं. १९०७ मध्ये थिलो क्रुम्बाख या प्राणिशास्त्रज्ञाने असं मांडलं की ट्रायकोप्लॅक्स ही वेगळी जाती नाहीच. एल्युथेरिया नावाचा एक आंतरगुही प्राणी, म्हणजे हायड्रा आणि जेलीफिश यांचा नातलग, त्याच मत्स्यालयात राहत होता. त्याचीच ही बदललेली डिंभावस्था, म्हणजे अंड्यातून निघालेल्या पिल्लाची अवस्था असावी. पुरावा तसा तोकडा होता. दोन्ही जीव एका पाण्यात होते आणि एल्युथेरियाचा डिंभ ट्रायकोप्लॅक्ससारखा दिसत होता, एवढ्यावर ही मांडणी उभी होती. शुल्झला ती पटली नाही. पण पाठ्यपुस्तकांना पटली. एखाद्या विचित्र जीवासाठी नवा कप्पा उघडण्यापेक्षा तो जुन्या कप्प्यात टाकणं सोयीचं असतं. पुढची कित्येक दशकं ट्रायकोप्लॅक्स फार तर तळटीपेत उरला.

माझ्या मते यात क्रुम्बाखची चूक दुय्यम आहे. खरी अडचण त्या काळच्या पद्धतीची. शरीर पाहूनच नातं ठरवायचं असेल आणि शरीरात खूणच नसेल, तर डिंभ आणि प्रौढ यांत फरक करायचा कशाने?

उत्तर वागण्यातून मिळालं. १९६० च्या दशकात जर्मनीत या जीवाकडे पुन्हा लक्ष गेलं. कार्ल गॉटलीब ग्रेल याने १९६९ मध्ये तांबड्या समुद्रातल्या शैवालासोबत आलेले ट्रायकोप्लॅक्स प्रयोगशाळेत वाढवले. ते वर्षानुवर्षं ट्रायकोप्लॅक्सच राहिले, त्यांचं जेलीफिशमध्ये किंवा हायड्रासारख्या पॉलिपमध्ये रूपांतर झालं नाही. वर त्यांच्यात अंडी तयार होताना दिसली. अंडी धरणाऱ्या जीवाला डिंभ म्हणणं अवघडच. १९७१ मध्ये ग्रेलने त्याच्यासाठी प्लॅकोझोआ हा स्वतंत्र संघ मांडला आणि तो टिकला. ग्रेलच्या त्या मूळ जीवांचे वंशज आजही प्रयोगशाळांमध्ये विभाजन होत होत वाढत आहेत. २००८ मध्ये ज्याचा जनुकसंच वाचला गेला तो याच वंशातला.

आजचं वर्गीकरण कसं आहे?

सृष्टी प्राणी, संघ प्लॅकोझोआ. २०२२ पर्यंत संघ आणि प्रजाती (जवळच्या जातींचा गट) यांच्या मधल्या पायऱ्या जवळजवळ रिकाम्या होत्या. संघ आणि त्यात थेट मूठभर प्रजाती, असा प्रकार. त्या वर्षी जनुकीय माहितीवरून वर्ग, गण आणि कुलं आखली गेली. त्यानुसार ट्रायकोप्लॅक्स अ‍ॅडहेरन्सची वाट अशी: वर्ग युनिप्लॅकोटोमिया, गण ट्रायकोप्लॅसिया, कुल ट्रायकोप्लॅसिडी, प्रजाती ट्रायकोप्लॅक्स, जाती अ‍ॅडहेरन्स.

म्हणजे या संघात एकच जाती नाही?

शंभरहून जास्त वर्षं एकच मानली जात होती. जगात कुठेही तसला चपटा जीव सापडला की तो ट्रायकोप्लॅक्स अ‍ॅडहेरन्स. दुसरं म्हणणार तरी काय? सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखेच.

२००४ मध्ये वेगवेगळ्या समुद्रांतल्या नमुन्यांचा डीएनए ताडून पाहिला गेला आणि चित्र पालटलं. बाहेरून जुळ्यांसारखे दिसणारे हे जीव आतून एकमेकांपासून फार दूर निघाले. तेव्हापासून वीसच्या आसपास वेगळ्या जनुकीय वंशरेषा नोंदल्या गेल्या आहेत. त्यांना नावं देण्याऐवजी एच१, एच२, एच३ असे क्रमांक देऊन काम चालवलं जातं. शुल्झच्या जातीचं नाव एच१ कडे आहे.

मोठा टप्पा आला २०१८ मध्ये. हाँगकाँगच्या खारफुटीच्या पाण्यातून मिळवलेल्या एच१३ या वंशरेषेचा पूर्ण जनुकसंच ट्रायकोप्लॅक्सच्या जनुकसंचाशी ताडला गेला. जनुकांची मांडणीच ठिकठिकाणी उलटीपालटी झालेली होती आणि जनुकांमधलं अंतर दोन वेगळ्या प्रजाती मानण्याइतकं होतं. म्हणून होइलुंगिया हाँगकाँगेन्सिस ही नवी प्रजाती आणि जाती जाहीर झाली. इथे लक्षात घेण्याजोगं हे की दिसण्यातला कुठलाही ठोस फरक हाताशी नव्हता. दोन जनुकसंच शेजारी ठेवून केलेल्या तुलनेवर प्राण्याची एक अख्खी प्रजाती उभी राहिली. जुन्या वळणाच्या वर्गीकरणकारांना हे रुचत नाही, आणि त्यांची हरकत अगदीच पोकळ नाही: नुसत्या डोळ्यांनी ओळखता न येणारी जाती रानावनात काम करणाऱ्याने नोंदवायची कशी? पण प्लॅकोझोआपुरतं बोलायचं तर दुसरा मार्गच नाही. रूप पाहत बसलो असतो तर आजही संघात एकच जाती राहिली असती.

पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, याला अपवाद सापडला. भूमध्य समुद्रातला पॉलिप्लॅकोटोमा मेडिटेरेनिया. हा तबकडीसारखा नसून फांद्या-फांद्यांनी पसरलेला असतो, त्यामुळे तो पाहताक्षणी वेगळा ओळखू येतो. २०२२ च्या मांडणीत त्याला स्वतंत्र वर्गच मिळाला, पॉलिप्लॅकोटोमिया. त्याच मांडणीत क्लॅडटर्शिया कोलॅबोइन्व्हेन्टा ही आणखी एक जाती आली. अशा नावानिशी मान्य जाती आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत, आणि बिननावाच्या वंशरेषा कितीतरी जास्त.

ट्रायकोप्लॅक्स हा सर्वांत आदिम प्राणी आहे का?

असं सर्रास लिहिलं जातं, पण साधा आणि आदिम यांत गल्लत आहे. प्राणीसृष्टीच्या बुंध्याशी पाच मोठ्या फांद्या मानतात: स्पंज, टीनोफोर (जेलीफिशसारखे दिसणारे पारदर्शक समुद्री जीव), प्लॅकोझोआ, आंतरगुही, आणि द्विपार्श्व सममिती असलेले, म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी असलेले बाकी सगळे, ज्यांत गांडूळही आलं आणि माणूसही. यांतली कुठली फांदी आधी फुटली यावर वाद आहे.

२००६ मध्ये ट्रायकोप्लॅक्सच्या तंतुकणिकांमधला डीएनए वाचला गेला. तो ४३,००० हून जास्त आधारकजोड्यांचा (डीएनएच्या शिडीतल्या पायऱ्यांचा) निघाला. माणसाचा साडेसोळा हजारांचा असतो. इतका ऐसपैस डीएनए एकपेशीय पूर्वजांच्या जवळचा वाटला आणि प्लॅकोझोआ सर्वांत खालच्या फांदीवर गेला. दोनच वर्षांनी केंद्रकातला जनुकसंच आला, आणि त्याने स्पंजांना अधिक खाली ठेवून प्लॅकोझोआला आंतरगुही आणि द्विपार्श्व प्राण्यांच्या जवळ आणलं. २०१८ च्या एका विश्लेषणात तर प्लॅकोझोआ थेट आंतरगुहींची भावंडं ठरली. २०२३ मध्ये गुणसूत्रांवरच्या जनुकांच्या मांडणीवरून टीनोफोर सर्वांत आधी वेगळे झाले या बाजूला बळ मिळालं. आता विचार करा: टीनोफोरांना चेतापेशी आणि स्नायू आहेत. तेच आधी वेगळे झाले असतील, तर एक तर चेतासंस्था दोनदा उगम पावली, किंवा ट्रायकोप्लॅक्सच्या पूर्वजांकडे ती होती आणि त्याने ती गमावली. दुसरं खरं असेल तर त्याचं साधेपण नंतर आलेलं ठरतं.

सर्वांत आदिम हे बिरुद त्याला लावू नये, असं माझं मत. सर्वांत साधी रचना असलेल्या मुक्त जगणाऱ्या प्राण्यांपैकी एक, हे मात्र निर्धास्त म्हणावं.

त्याचा जनुकसंच किती मोठा आहे?

सुमारे ९.८ कोटी आधारकजोड्या आणि साडेअकरा हजारांच्या आसपास जनुकं. माणसात जनुकं वीस हजारांच्या घरात आहेत. शरीरातला फरक पाहता जनुकांतला फरक फारच थोडा वाटतो. शरीराचा आराखडा ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांच्या नात्यातलं ट्रॉक्स-२ हे जनुकही त्याच्याकडे आहे, आणि ते शरीराच्या कडेजवळ कार्यरत असतं. आराखडा म्हणावा असं काही नसलेल्या जीवाला ते कशाला हवं, हा प्रश्न अगदी रास्त आहे.

प्रजनन कसं होतं?

बहुतेक वेळा सरळ दोन तुकडे होऊन. दोन्ही बाजू विरुद्ध दिशांना चालू लागतात, मधला भाग ताणत जातो आणि तुटतो. कधी पाठीवर छोटे गोल मुकुल, म्हणजे कोंब येतात, ते सुटून पाण्यात तरंगतात आणि दुसरीकडे जाऊन बसतात. कापलेला तुकडाही पुन्हा पूर्ण जीव होऊ शकतो, आणि पेशी सुट्या केल्या तरी त्या एकत्र येऊन परत शरीर उभं करू शकतात.

लैंगिक प्रजननाचं कोडं मात्र सुटलेलं नाही. दाटी झाली, अन्न घटलं, तापमान वाढलं की प्रयोगशाळेत अंडी दिसतात. त्यांचं विभाजनही सुरू होतं, पण १२८ पेशींपर्यंत पोहोचून भ्रूण मरतात. निसर्गातल्या नमुन्यांच्या डीएनएमध्ये जनुकांची सरमिसळ झाल्याच्या खुणा मिळतात, म्हणजे समुद्रात हे पार पडतं. अंड्यापासून पूर्ण जीवापर्यंतचा प्रवास मात्र प्रयोगशाळेत कोणी पूर्ण पाहिलेला नाही.

त्याला शत्रू आहेत का?

आहेत. रोडोपे नावाची एक चिमुकली समुद्री गोगलगाय प्लॅकोझोआ खाताना आढळली आहे. पण सहज खाऊन पचवावा असा तो नाही. वरच्या पापुद्र्यात मेदाचे चमकणारे गोळे असतात. २००९ मधल्या प्रयोगांत ज्यांच्याकडे हे गोळे कमी होते ते खाल्ले गेले. ज्यांच्याकडे भरपूर होते त्यांना पकडणाऱ्या शिकाऱ्याला लकवा भरल्यासारखं झालं.

किरणोत्सर्गाने तो मरत नाही हे खरं का?

मरतो, पण त्याची सहनशक्ती अचाट आहे. २०२१ च्या अभ्यासात क्ष-किरणांची २१८.६ ग्रे (शरीरात शोषलेल्या किरणांचं माप) इतकी मात्रा झेलून काही जीव तगले आणि पुन्हा वाढले. माणसाला पाच-सहा ग्रेसुद्धा बहुधा प्राणघातक ठरतात. मोडलेला डीएनए दुरुस्त करणारी जनुकं तो जोमाने कामाला लावतो आणि बिघडलेल्या पेशींचे पुंजके सरळ शरीराबाहेर टाकतो. त्यामुळे कर्करोगाच्या अभ्यासकांचंही त्याच्याकडे लक्ष गेलं आहे.

तो शोधायचा कसा?

काचपट्ट्या चौकटीत बसवून उष्ण, उथळ, फारशा लाटा नसलेल्या पाण्यात टांगून ठेवायच्या. काही दिवसांत त्यांवर शैवालाचा थर धरतो आणि मागोमाग प्लॅकोझोआ येतात. मग पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या. खळाळत्या पाण्यात किंवा गाळाच्या तळावर शोधण्यात अर्थ नाही. जिवंत दगड, म्हणजे समुद्रातून जीवांसकट आणलेले दगड ठेवलेल्या खाऱ्या मत्स्यालयातही तो पुष्कळदा आपसूक आलेला असतो.

त्याचे जीवाश्म मिळतात का?

नक्की त्याचाच म्हणता येईल असा एकही नाही, आणि इतक्या मऊ, पातळ शरीराकडून ती अपेक्षाही नको. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या चपट्या जीवाने तळावर बसून खाल्ल्याचे ठसे सोडले आहेत, त्यावरून २०१० मध्ये त्याचं प्लॅकोझोआशी नातं सुचवलं गेलं होतं. डिकिन्सोनिया प्राणी होता हे २०१८ मध्ये त्याच्या जीवाश्मातल्या कोलेस्टेरॉलच्या अंशांवरून पुढे आलं. पण त्याच्या शरीरावर वळ्यांची नियमित रचना दिसते, जी प्लॅकोझोआत नाही. त्यामुळे हे नातं सगळ्यांना मान्य नाही.

जुन्या पुस्तकात ट्रेप्टोप्लॅक्स रेप्टन्स असं दुसऱ्या जातीचं नाव वाचलं. ती कोणती?

१८९० च्या दशकात इटलीच्या फ्रान्चेस्को मॉन्टिचेल्ली याने नेपल्समधून तिचं वर्णन केलं. ट्रायकोप्लॅक्ससारखीच, पण वरच्या बाजूला केस नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्यानंतर ती कोणालाही सापडलेली नाही. ती खरोखर वेगळी होती की वरचे केस झडलेला ट्रायकोप्लॅक्सच, हे ठरवायला नमुना हाती नाही, आणि डीएनए हा शब्दही तेव्हा नव्हता. याद्यांमध्ये नाव दिसलं तर त्यापुढे संशयास्पद अशी खूण असते.